मूत्रपिंडाचं काम कसं कळत गेलं: सहा टेबलांच्या प्रात्यक्षिक संचाच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५: आराखडा

संचात सहा टेबलं. प्रत्येक टेबलावर एक जुना प्रश्न, तो पुढे नेणारा एक प्रयोग, आणि पाहणाऱ्याला स्वतःच्या हाताने मोजता येईल असा एक आकडा. आकडा नसेल तर टेबल नाही, हा नियम आधीच ठरवून टाकला.

कारण असं: नेफ्रॉनची, म्हणजे मूत्र बनवणाऱ्या एकेका सूक्ष्म नळीची, मुख्य रचना १८४२ पर्यंत दिसली होती. तरीही तिथे नेमकं काय चालतं यावर पुढची ऐंशी वर्षं वाद चालला. सूक्ष्मदर्शकातून नळी दिसते. नळीच्या भिंतीतून द्रव आत येतो की बाहेर जातो आणि किती, हे दिसत नाही. संचाने नेमकं हेच दाखवायचं आहे.

मूत्रपिंडाचे आजार, डायलिसिस आणि प्रत्यारोपण वगळलं. तो इतिहास वेगळा आणि मोठा आहे. पहिल्या टेबलाशेजारी एक पट्टी मात्र हवीच: प्रेव्हो आणि द्यूमा, १८२१. त्यांनी प्राण्यांची मूत्रपिंडं काढून टाकली तेव्हा रक्तातला युरिया वाढला. म्हणजे युरिया मूत्रपिंडात बनत नाही, तिथून फक्त बाहेर टाकला जातो. पुढची सगळी ‘किती’ची गणितं याच पायावर उभी आहेत.

६ ऑगस्ट: टेबल १, गेलनची गाठ

दुसऱ्या शतकातला प्रश्न: मूत्र बनतं कुठे? प्यायलेल्या पाण्याची वाफ होऊन ती मूत्राशयात थिजते, असं अस्क्लेपियाडीसच्या पंथाचं म्हणणं होतं. ग्रीक वैद्य गेलनने जिवंत प्राण्याच्या दोन्ही मूत्रवाहिन्या (मूत्रपिंडातून मूत्राशयात जाणाऱ्या नळ्या) बांधल्या. मूत्राशय रिकामं राहिलं, गाठीच्या वरचा भाग फुगला. गाठ सोडली, मूत्राशय भरलं. भरलेलं मूत्राशय दाबलं तरी मूत्र उलटं वर गेलं नाही. मग एकच बाजू बांधली, आणि शेवटी मोकळी मूत्रवाहिनी कापून मूत्र पोटात सांडताना दाखवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दुसरी बाजू तुलनेला ठेवायची, ही शिस्त यात स्पष्ट आहे.

मॉडेल: अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या ६० सेंमी उंचीवर, रंगीत पाणी, दोन नळ्या, प्रत्येकीवर एक चिमटा, खाली एक लिटरची पारदर्शक पिशवी.

अडचण: पिशवी दाबली की पाणी नळीतून वर चढतं, म्हणजे गेलनचा निम्मा प्रयोग फसतो. शरीरात मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी शिरते. मूत्राशय भरलं की तो तिरका भाग दाबून बंद होतो. उपाय: फुग्याच्या मानेचा ५ सेंमी तुकडा नळीच्या टोकाला बसवून पिशवीच्या आत सपाट सोडला. बाहेरून दाब आला की तो चपटा होऊन मिटतो. पिशवीतली हवा आधी पूर्ण काढायची, नाहीतर बुडबुडा तुकड्याला उघडा ठेवतो.

९ ऑगस्ट: टेबल २, भाग अ, चाळणीकडून नळ्यांकडे

मूत्रपिंडाच्या आत आडवी चाळणी असते आणि रक्त तिच्यावर गाळलं जातं, ही कल्पना शतकानुशतकं चालली. शरीररचनातज्ज्ञ व्हेसालिअसने १५४३ मध्ये ती खोडली. १६६२ मध्ये पिसामध्ये एकोणीस वर्षांच्या लोरेन्झो बेलिनीने दाखवलं की आतला भाग म्हणजे नुसतं घट्ट मांस नव्हे, तिथे बारीक नळ्या आहेत. टोकाचा भाग दाबला की त्या नळ्यांतून द्रव पाझरतो. त्याने तो चाखून खारट असल्याचं नोंदवलं. (टेबलावर चाखणं नाही.)

बकऱ्याचं मूत्रपिंड बाहेरच्या फुगीर बाजूने लांबीच्या दिशेने उभं चिरलं. माणसात आत अनेक शंकूसारखे भाग असतात. बकऱ्यात ते एकत्र होऊन एकच लांबट कडा बनते. इथे ते सोयीचं ठरतं: कडा अंगठा आणि बोटात धरून हळू दाबली की तिच्यावर बारीक थेंब उमटतात. तुकडा आधी धुतला असेल तर थेंब पाण्याचे की नळ्यांतले हे कळत नाही. कडा टिपकागदाने कोरडी करून मगच दाबायची.

१२ आणि १३ ऑगस्ट: टेबल २, भाग ब, शाईचं इंजेक्शन

मालपिघीने १६६६ मध्ये काळा द्रव मद्यार्कात मिसळून मूत्रपिंडाच्या धमनीतून सोडला. रक्तवाहिन्यांच्या फांद्यांना लटकलेली फळं दिसावीत तसे बारीक काळे गोळे दिसले. तेच ग्लोमेरुलस, म्हणजे केशिकांचे (अतिबारीक रक्तवाहिन्यांचे) गुच्छ. ते नळ्यांना जोडलेले असावेत असं त्याला वाटत होतं, पण जोड दिसला नाही.

हाच प्रयोग टेबलासाठी केला. दोन मूत्रपिंडं वाया गेल्यावर तिसऱ्यात नीट जमला. ठरलेली पद्धत:

चरबीसकट, साफ न केलेलं ताजं मूत्रपिंड घ्यावं. धमनी किमान २ सेंमी शिल्लक हवी. खोबणीत तीन नळ्या असतात: धमनी जाड भिंतीची, कापल्यावरही गोल उघडी राहते, शीर रुंद पण पातळ, चपटी पडते, मूत्रवाहिनी पांढरट. शाई चुकून मूत्रवाहिनीत सोडली तर ती मधल्या पोकळीत साचते आणि बाहेरच्या थरात एकही ठिपका येत नाही. पहिलं मूत्रपिंड असं गेलं.

धमनीत सुई काढलेला १६ नंबरचा कॅन्युला बसवून दोन ठिकाणी दोऱ्याने बांधावा. मग मिठाचं पाणी, एका लिटरला ९ ग्रॅम, सुमारे ३७ अंशांचं. बाटली १.३ मीटर उंच. १३६ सेंमी पाण्याचा स्तंभ म्हणजे १०० मिमी पारा, तेव्हा हा दाब धमनीतल्या दाबाजवळचा आहे. शिरेतून येणारं पाणी फिकट होईपर्यंत धुवावं. ही पायरी घाईत उरकली तर गुठळ्या राहतात आणि शाई पट्ट्यापट्ट्यांनी जाते.

शाई कार्बनची, तीन भाग ऊर्ध्वपातित पाण्यात एक भाग, गाळणकागदातून गाळलेली. मिठाच्या पाण्यात मिसळली तर कार्बनचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि बारीक धमन्या बुजतात. दुसरं मूत्रपिंड यातच गेलं. सिरिंजने हाताने ढकलू नये, त्याच उंचीवरून सोडावी. पृष्ठभाग सर्वत्र काळसर झाला की धमनी आणि शीर दोन्ही बांधून रात्रभर १० टक्के फॉर्मालिनमध्ये. हातमोजे आणि मोकळी हवा आवश्यक.

सकाळी ब्लेडने पातळ चकत्या. दहापट भिंगातून बाहेरच्या थरात काळे ठिपके स्वच्छ दिसतात. आतल्या भागात ठिपका एकही नाही, फक्त खाली जाणाऱ्या सरळ काळ्या रेघा. या रेघा टेबल ६ वर पुन्हा लागणार आहेत, म्हणून एक चकती वेगळी ठेवली. मोजण्याचा आकडा: एक सेंमी कडेच्या चौकटीतले ठिपके. माणसाच्या एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख असतात, हे पाटीवर.

१६ ऑगस्ट: टेबल ३, १८४२

मालपिघीला न दिसलेला जोड विल्यम बोमनने १८४२ मध्ये दाखवला. त्याने धमनीतून आधी पोटॅशियम बायक्रोमेट आणि मागून लेड अ‍ॅसिटेट सोडलं. दोन्ही भेटतात तिथे पिवळा साका बसतो. काही ठिकाणी केशिका फुटल्या आणि पिवळा रंग गोळ्याभोवतीच्या संपुटात शिरून तिथून थेट नळीत उतरला. संपुट म्हणजे नळीचंच फुगलेलं टोक, हे त्यातून पक्कं झालं. दोन्ही रसायनं विषारी असल्याने हा प्रयोग करायचा नाही, चित्रच लावायचं. मात्र आपल्या शाईच्या चकत्यांत फुटलेला भाग सापडला तर तो टाकून न देता इथे लावावा.

बोमनचा कामाविषयीचा अंदाज मात्र चुकला. नळ्यांच्या पेशी घन पदार्थ स्रवतात आणि ग्लोमेरुलस वरून पाणी सोडून ते धुऊन नेतो, असं त्याला वाटलं. त्याच वर्षी मारबुर्गमध्ये कार्ल लुडविगने उलट मांडणी केली: रक्ताच्या दाबाने ग्लोमेरुलसमधून प्रथिनं सोडून बाकी सगळं गाळलं जातं आणि नळीतून जाताना पाणी परत शोषलं जातं. रचना दोघांची एकच, काम वेगळं. दोन्ही चित्रं शेजारी लावायची, बाणांच्या दिशा तेवढ्या उलट. संचातलं हे सगळ्यात महत्त्वाचं पान आहे, त्यावर मजकूर कमीत कमी ठेवावा.

१९ ऑगस्ट: टेबल ३, हायडेनहाइनचं गणित

लुडविगविरुद्धचा सर्वांत जोरदार आक्षेप रुडॉल्फ हायडेनहाइनचा. १८७४ मध्ये त्याने प्राण्यांच्या रक्तात निळा रंग सोडून तो नळ्यांच्या पेशींत दिसतो, ग्लोमेरुलसमध्ये नाही, हे दाखवलं. पुढे त्याने हिशेब मांडला. माणूस दिवसाला सुमारे ३५ ग्रॅम युरिया टाकतो. रक्तात युरिया ०.०५ टक्के. तो निव्वळ गाळून टाकायचा तर ३५ भागिले ०.०००५, म्हणजे ७०,००० ग्रॅम: दिवसाला सत्तर लिटर द्रव गाळावा लागेल आणि त्यातला जवळपास सगळा परत शोषावा लागेल. हे अशक्य, म्हणून गाळण चुकीचं, असा निष्कर्ष.

पाहणाऱ्याला हा भागाकार स्वतः करू द्यायचा. मग दुसरा कागद: आज माहीत असलेलं गाळण मिनिटाला सुमारे १२५ मिलि. गुणिले १४४० मिनिटं, म्हणजे दिवसाला १८० लिटर. हायडेनहाइनचं गणित बरोबर होतं, उलट त्याचा आकडा कमीच पडला, कारण गाळलेल्या युरियाचा बराच भाग परत शोषला जातो हे त्याने धरलं नव्हतं. चुकलं ते ‘अशक्य’ हे अनुमान.

रंगाविषयी तो बरोबर होता. काही पदार्थ नळीच्या पेशी खरोखर स्रवतात. म्हणून पाटीवर ‘हायडेनहाइनचा पराभव’ असं लिहिलेलं वाक्य काढलं.

२२ ऑगस्ट: टेबल ४, दाबाचा ताळा

स्टार्लिंग, १८९९: प्लाझ्मातली (रक्तातल्या द्रव भागातली) प्रथिनं पाणी धरून ठेवतात, तो ओढा २५ ते ३० मिमी पारा. गाळण व्हायचं तर रक्ताचा दाब यापेक्षा जास्त हवा. लुडविगच्या कल्पनेला यामुळे मोजता येणारी अट मिळाली.

पाटीवर उंदराच्या ग्लोमेरुलसमध्ये थेट मोजलेल्या, ब्रेनर आणि सहकाऱ्यांच्या १९७१ च्या कामाच्या धर्तीचे ठोकळ आकडे: केशिकेत ४५, संपुटात १०, प्रथिनांचा ओढा सुरुवातीला २०. उरले १५. द्रव गाळला जातो तशी प्रथिनं दाट होतात, ओढा ३५ वर जातो. ४५ वजा १० वजा ३५ म्हणजे शून्य. गाळण थांबतं. हे आकडे पाण्याच्या स्तंभात दाखवले: ४५ मिमी पारा म्हणजे ६१ सेंमी. उभ्या काचनळ्यांवर खुणा करून ठेवल्या.

डायलिसिस नळीचं मॉडेल: १२ ते १४ हजार डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) मोठे रेणू अडवणारी नळी, आत अंड्याच्या पांढऱ्याचं विरळ द्रावण आणि ग्लुकोज. बाहेरच्या पाण्यात ग्लुकोज पट्टीवर दिसतं. बाययुरेट चाचणीत प्रथिन येत नाही. येऊ लागलं तर बहुधा गाठीतून गळती. नळी आधी पंधरा मिनिटं भिजवून टोक दुमडून बांधावं. पण एक गोष्ट पाटीवर ठळक लिहिली: इथे ग्लुकोज दाबाशिवायही नुसतं पसरत बाहेर येतं. म्हणजे हे मॉडेल छिद्रांचा आकार दाखवतं, दाबाचं काम नाही. दाबासाठी शेजारच्या काचनळ्याच पाहायच्या. हा फरक लिहिला नाही तर टेबल चुकीचं शिकवेल.

२५ ऑगस्ट: टेबल ४, प्रत्यक्ष थेंब

वाद संपवायला ग्लोमेरुलसमधून आलेला द्रव नळीत शिरण्याआधीच हाती लागायला हवा होता. फिलाडेल्फियात जोसेफ वेर्न आणि ए. एन. रिचर्ड्स यांनी १९२४ मध्ये बेडकाच्या एकेका ग्लोमेरुलसच्या संपुटात काचेची अतिबारीक पिपेट खुपसून तो काढला. त्यात प्रथिन नव्हतं, पण साखर आणि क्लोराइड होतं. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या मूत्रात साखर नाही. साखर गाळली गेली आणि वाटेत परत शोषली गेली, याचा थेट पुरावा. सस्तन प्राण्यांत हेच काम १९४१ मध्ये वॉकर, बॉट, ऑलिव्हर आणि मॅकडॉवेल यांनी केलं.

टेबलावर दोन परीक्षानळ्या: ‘संपुट’ आणि ‘मूत्राशय’. एकीत ग्लुकोज, दुसरीत नाही. पट्टी बुडवायची, बस.

शेजारी मार्शलचं काम. १९२३ पासून त्याने कुत्र्यांत फिनॉल रेड हा रंग मोजला: जेवढा गाळला जाऊ शकतो त्याहून जास्त मूत्रात येतो. मग तो लोफिअस या माशाकडे वळला, ज्याच्या मूत्रपिंडात कामाचे ग्लोमेरुलस नसतातच. तरीही तो मासा मूत्र बनवतो आणि फिनॉल रेड टाकतो. नळ्या स्रवतात, याला यापेक्षा स्वच्छ पुरावा मागता येणार नाही. गाळण, पुनःशोषण आणि स्रवण, तिन्ही खरी.

१ सप्टेंबर: टेबल ५, क्लिअरन्स

क्लिअरन्स म्हणजे मिनिटाला किती प्लाझ्मातून एखादा पदार्थ पूर्ण काढला जातो तो आकडा. ही संज्ञा युरियासाठी १९२८ च्या सुमारास मोलर, मॅकिंटॉश आणि व्हॅन स्लाइक यांनी रूढ केली. सूत्र: मूत्रातली तीव्रता गुणिले मिनिटाचं मूत्र, भागिले प्लाझ्मातली तीव्रता. गाळण मोजायला असा पदार्थ हवा जो मुक्तपणे गाळला जातो, परत शोषला जात नाही आणि स्रवलाही जात नाही. रिचर्ड्स यांचा गट आणि होमर स्मिथ व शॅनन यांनी १९३४-३५ मध्ये इन्युलिन ही वनस्पतींतली बहुशर्करा पुढे आणली. लोफिअसने इथे पुन्हा मदत केली: ग्लोमेरुलस नसलेला मासा इन्युलिन टाकूच शकत नाही.

सरावाचं उदाहरण: मूत्रात ३१.२५ मिग्रॅ प्रति मिलि, मूत्र मिनिटाला १ मिलि, प्लाझ्मात ०.२५. उत्तर १२५ मिलि. पॅरा-अमिनोहिप्युरेट हा पदार्थ एका फेरीतच प्लाझ्मातून जवळपास पूर्ण काढला जातो; त्यासाठी १३, १ आणि ०.०२, उत्तर ६५०, म्हणजे प्लाझ्माचा प्रवाह. १२५ भागिले ६५०, जवळपास एक पंचमांश प्लाझ्मा एका फेरीत गाळला जातो.

यात सर्वांत मोठी चूक सूत्रात नसते, ती मूत्राशयात राहिलेल्या मूत्रात असते. वीस मिनिटांत २० मिलि मूत्र जमायला हवं आणि ४ मिलि आत राहिलं, तर १२५ ऐवजी १०० येतात. भरपूर पाणी पाजून मिनिटाला १० मिलि केलं तर २०० मध्ये ४ मिलि म्हणजे फक्त दोन टक्के चूक. म्हणून प्रयोगाआधी पाणी पाजायचं. मधल्या मिनिटाचं रक्त घ्यायचं, कारण प्लाझ्मातली पातळी स्थिर राहतेच असं नाही. इन्युलिन थंड पाण्यात नीट विरघळत नाही; गरम करून विरघळवावं, थंड झाल्यावर खाली कण बसले आहेत का पाहावं. क्रिएटिनिन सोयीचं आहे, कारण ते शरीरातच असतं, पण नळ्या ते थोडं स्रवतात. त्यामुळे उत्तर खऱ्या गाळणापेक्षा जास्त येतं.

५ ते ८ सप्टेंबर: टेबल ६, प्रतिप्रवाह

प्रश्न: मूत्र रक्ताच्या चौपट दाट होतं कसं? नुसतं पाणी ओढून घेणारा पंप कोणालाच सापडला नाही. हेन्लेने १८६२ मध्ये नळीचं खाली जाऊन परत वर येणारं वळण दाखवलं होतं, पण ते कशासाठी, हे ऐंशी वर्षं कळलं नाही. वेर्नर कून आणि रिफेल यांनी १९४२ मध्ये सुचवलं की उलट दिशांनी वाहणाऱ्या दोन शेजारी नळ्या लहान फरकाचा गुणाकार करू शकतात. १९५१ मध्ये बासेलमध्ये विर्त्स, हार्गिताय आणि कून यांनी उंदराच्या मूत्रपिंडाचे गोठवलेले काप सूक्ष्मदर्शकाखाली वितळताना पाहिले: टोकाकडे जावं तसा वितळण्याचा बिंदू खाली उतरतो, म्हणजे दाटपणा वाढतो. १९५९ मध्ये गॉटशाल्क आणि मायल यांनी सूक्ष्म पिपेटने वळणाच्या तळातल्या द्रवाचा, तिथल्याच रक्तवाहिन्यांतल्या रक्ताचा आणि शेजारच्या संग्राहक नळीतल्या (अनेक नळ्यांचं मूत्र गोळा करणाऱ्या नळीतल्या) द्रवाचा दाटपणा जवळपास सारखा असल्याचं दाखवलं. होमर स्मिथना ही कल्पना सुरुवातीला मान्य नव्हती.

टेबलासाठी स्प्रेडशीट. चार पायऱ्या, उतरती बाजू उ१ ते उ४, चढती च१ ते च४, सगळीकडे ३०० मिलीऑस्मोल (दाटपणाचं एकक). पायरी अ, पंप: प्रत्येक पातळीवर उ आणि च यांची बेरीज तीच ठेवून फरक २०० करायचा, ३०० आणि ३०० चे ४०० आणि २०० होतात. पायरी ब, प्रवाह: सगळं एक घर पुढे, वरून ३०० आत, उ४ चं च४ मध्ये, च१ बाहेर. मग पुन्हा पंप.

उ४ मधले आकडे: पहिल्या फेरीत ४००, मग ५००, ५५०, ६००, ६३१. पुढे वाढ मंदावते आणि ११०० जवळ येऊन थांबते. एकेका पातळीवर फरक फक्त २००, पण चार पायऱ्यांवर तो ८०० होतो. प्रवाह बंद केला तर आकडा ४०० वरच राहतो. हे बटण मुद्दाम ठेवलं आहे. लोकांनी ते बंद करून पाहावं.

चूक कशी पकडायची: आठ घरांची बेरीज प्रत्येक फेरीत फक्त ‘आलेले ३०० वजा बाहेर गेलेलं’ एवढीच बदलायला हवी. पहिल्या फेरीनंतर २४००, बाहेर २००, म्हणून दुसरीनंतर २५००, तिसरीनंतर २६५०. पहिल्या मांडणीत ही बेरीज जुळेना, कारण त्याच घरांत आकडे सरकवताना जुना आकडा वाचायच्या आधीच पुसला जात होता. प्रत्येक फेरीला नवी रांग दिली, बेरीज जुळली.

मॉडेलमधली उणीव: शेवटी च१ मधून ३०० बाहेर पडतात. गॉटशाल्क आणि मायल यांना मात्र वळणानंतरचा द्रव नेहमी पातळ आढळला. कारण खऱ्या मूत्रपिंडात आतल्या भागातलं काही मीठ रक्त सतत वाहून नेतं. त्यासाठी तिसरी रांग जोडली, जी प्रत्येक फेरीत थोडा भाग काढून घेते. बाहेर पडणारा आकडा ३०० च्या खाली आला. शाईच्या चकतीतल्या सरळ काळ्या रेघा म्हणजे याच रक्तवाहिन्या. ती चकती इथे लावली.

११ सप्टेंबर: उरलेलं

बर्ग यांनी १९६६ पासून सशाच्या नळीचे एकेक तुकडे वेगळे काढून त्यांतून द्रव वाहवला; कुठल्या तुकड्यातून पाणी जातं आणि कुठल्यातून नाही, हे थेट मोजता आलं. अ‍ॅग्रे यांच्या गटाने १९९२ मध्ये पाण्याची वाहिनी असलेलं प्रथिन बेडकाच्या अंडपेशीत सिद्ध केलं. या दोहोंसाठी एकच पाटी पुरते.

टेबल ६ च्या पाटीवर एक प्रश्न उघडा ठेवायचा ठरला. मूत्रपिंडाच्या सर्वांत आतल्या भागात चढती नळी पातळ असते आणि तिथे असा जोरदार पंप सापडत नाही. तरी दाटपणा टोकापर्यंत वाढतच जातो. १९७२ मध्ये कोक्को आणि रेक्टर यांनी, तसंच स्वतंत्रपणे स्टीफन्सन यांनी, युरियाच्या मदतीने पंपाशिवाय हे घडू शकतं अशी मांडणी केली, पण नळ्यांची मोजलेली पारगम्यता तिच्याशी पूर्ण जुळत नाही. स्प्रेडशीटमध्ये खालच्या दोन पायऱ्यांचा पंप शून्य करायची सोय दिली. तसं केलं की उ४ ७०० वर अडकतो, आणि पाहणाऱ्याला दिसतं की उरलेले ४०० कुठून येतात हे अजून नीट सांगता येत नाही.